वर केलेला हात

"काय हवंय?" मादाम कोरदिएने विचारलं, आणि ती कोणाला विचारते आहे हे रेजिस वातब्लेदला क्षणभर कळेना. त्याने मागे वळून पाहिलं. मागे एक म्हातारी कुत्र्याची साखळी मनगटाला गुंडाळून उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. तिच्या मागचा माणूस काचेतल्या सफरचंदाच्या वड्या अशा निरखत होता, जशा त्या आज पहिल्यांदाच तिथे मांडल्या असाव्यात. म्हणजे प्रश्न त्यालाच होता. गेली कित्येक वर्षं या दुकानात त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. तो दारातून आत आला की मादाम कोरदिए फळीच्या मागून कागदात गुंडाळलेला लांब पाव काढायची, भट्टीत इतरांपेक्षा जास्त वेळ ठेवलेला, जवळजवळ काळपट, कारण त्याला तसा आवडतो हे साऱ्या लाँग्रेव्ह गावाला ठाऊक होतं. रांगेतल्या डोक्यांवरून तो पाव त्याच्या हाती यायचा आणि रांग हसून बाजूला व्हायची. गल्ल्याच्या वर त्याचा फोटो होता. लाल बनियन, उजवा हात सरळ आभाळाकडे, आणि मागे गोलपलीकडच्या पायऱ्यांवर तसेच उभे राहिलेले हजारो हात. फोटो आजही होता. त्याच्या खाली उभी राहून ती बाई त्याला विचारत होती, काय हवंय.

"एक लांब पाव," तो म्हणाला. तिने वरच्या टोपलीतला हाताला आला तो दिला. फिकट होता. त्याने नाणी काचेवर ठेवली, तिने ती मोजून घेतली, आणि तो बाहेर आला. बंदराकडून येणाऱ्या वाऱ्याला हेरिंग मासळीचा आणि डिझेलचा वास होता, नेहमीचाच. पाव काखेत धरून चालताना त्याला जाणवलं की आपली उजवी टाच दुखते आहे. तिला काही झालं नव्हतं. गेल्या रविवारपासून ती दुखत होती, टीव्हीवर दिसल्यापासून.

गेल्या शनिवारी परगावी फुटबॉलचा सामना होता. शेवटची मिनिटं चालली होती आणि बरोबरी टिकली असती तर पहिल्या विभागातली जागा पक्की होती. समोरच्या संघातल्या माणसाने चेंडू लांब मारायला मान वर केली तेव्हा रेजिसने आयुष्यभर केलं तेच केलं. "वर!" म्हणून ओरडला, बचावाची ओळ घेऊन पुढे सरकला आणि हात वर केला. त्यांचा पुढे खेळणारा गडी ओळीच्या मागे, गोलच्या बाजूला एकटा राहिला, म्हणजे ऑफसाइड, म्हणजे खेळ थांबणार. पण रेषेवरच्या पंचाचं निशाण वर गेलं नाही. तो गडी एकटाच धावत गेला, गोल झाला, आणि रेजिस हात वर करून उभाच होता. रविवारी समालोचकाने चित्र थांबवलं आणि त्यावर आडवी पांढरी रेघ ओढली. तिघे बचावपटू रेघेच्या अलीकडे होते. पलीकडे फक्त एक टाच राहिली होती. हात वर करणाऱ्याचीच. त्याच्याच टाचेने त्या गड्याला नियमात आणून ठेवलं होतं. समालोचक हसला नाही, फक्त घसा खाकरला, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. सोमवारी खेळांच्या वर्तमानपत्राने त्याला दहापैकी दोन गुण दिले. मंगळवारी मासळीबाजारात एकाने दुसऱ्याकडे उधारी मागितली तेव्हा त्याने उत्तरादाखल हात आभाळाकडे केला, आणि सगळा बाजार हसला. हे त्याला त्याच्या बायकोने, ओडीलने सांगितलं. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम करायची आणि गावातलं काही तिच्यापासून लपत नसे. तिला नवऱ्यापासून काही लपवायचीही सवय नव्हती.

हात वर करायला त्याला दुकोर्नेने शिकवलं होतं. लाटांना थोपवणाऱ्या बंधाऱ्यामागे मैदान होतं, अर्धं गवत, अर्धी वाळू, आणि तिथे फिर्मँ दुकोर्ने नावाचा जाळी विणणारा म्हातारा दर बुधवारी गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा. बुधवारी शाळेला सुट्टी असे. चौघांना तो शेजारी शेजारी उभं करायचा आणि जाळ्याची डांबर लावलेली दोरी एकाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेला बांधत न्यायचा, मध्ये दोन-दोन हातांचं अंतर सोडून. मग स्वतः चेंडू घेऊन समोरून यायचा. एक जण जरी मागे राहिला तरी बाकीच्या तिघांच्या कमरेला हिसका बसे. पोरं एकमेकांवर पडत, शिव्या देत, डांबराचे डाग पडले म्हणून घरी मार खात. दुकोर्ने न चिडता गाठी पुन्हा बांधायचा. म्हणायचा, भिंत दगडाची असते असं तुम्हाला वाटतं, पण चालणारी भिंत दोरीची असते. पुढे सरका. मागे जाऊन गोल वाचवायचा हे कोणालाही सुचतं, गाईलासुद्धा. पुढे सरकून वाचवायचा, त्याला छाती लागते. मधल्या पोराने हात वर करायचा, आणि मधला पोर रेजिस होता, कारण तो उंच होता. एकदा त्याने विचारलं होतं की हात केला आणि पंचाने पाहिलाच नाही तर? दुकोर्ने गुडघ्यावर बसून दोरीची गाठ सोडवत होता. त्याने वर पाहिलं नाही. "हात पंचासाठी नसतो रे," तो म्हणाला. "पंचाला डोळे आहेत. हात तुझ्या शेजारच्या तिघांसाठी असतो. मी इथे आहे, एवढंच त्यांना सांगायचं." पुढे दोरी सुटली, मैदानं बदलली, शेजारचे तिघे किती वेळा बदलले याची गणती राहिली नाही, पण रेजिसच्या कमरेला ती दोरी राहिली. डावीकडचा बावचळला की डावीकडे ओढ लागायची. मान न वळवता त्याला कळायचं. आणि त्या शनिवारीही कळलं होतं. हात वर जाता जाता कमरेला हिसका बसला होता, आणि तो डावीकडून नव्हता, उजवीकडूनही नव्हता. दोरी जिथून सुरू होते तिथूनच तो आला होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? त्याचाच पाय एक श्वास उशिरा निघाला. पायांचं वय झालं की ते आधी कळवत नाहीत.

घरी वोक्लँसाहेब येऊन बसले होते. क्लबचे अध्यक्ष, बर्फाच्या कारखान्याचे मालक, अंगावर करड्या रंगाचा ओव्हरकोट, आणि समोर ओडीलने ठेवलेली चिकोरीची कॉफी, जिला त्यांनी तोंड लावलं नव्हतं. ते स्वतः आले म्हणजे गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती. त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली, मग हवेची, मग रेजिसच्या हातातल्या पावाकडे पाहिलं आणि म्हणाले की कोरदिएची भट्टी बिघडली की काय. मग मुद्द्यावर आले. आज हंगामाचा शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर. हरलो तर खालच्या विभागात. लोक चिडलेत. खेळ सुरू व्हायच्या आधीच काही भलतंसलतं झालं तर पोरांचे पाय लटपटतील. प्रशिक्षकाने निर्णय तुझ्यावर सोडलाय, पण त्याचाही जीव खालीवर होतोय. डॉक्टरांशी बोलणं झालंय. मांडीचा स्नायू ओढला गेलाय असं दुपारी जाहीर करू. कोणी काही म्हणणार नाही. शरद ऋतूत तुझ्या सन्मानाचा सामना ठेवू, बाहेरचे संघ बोलावू, एवढ्या दिवसांत लोकांचा राग निवेल, लोकांचं प्रेम काही खोटं नसतं. पुढे मुलांना शिकव. अख्ख्या लाँग्रेव्हमध्ये तुझ्याइतकं प्रेम कोणाला मिळालंय, सांग.

प्रेम. रेजिसने पाव टेबलावर ठेवला आणि त्याचं टोक मोडलं. ते कुरकुरलं नाही, वाकलं. प्रेम कशावर उभं राहतं हे त्याला चांगलं माहीत होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असताना दक्षिणेतल्या एका श्रीमंत क्लबने त्याला बोलावलं होतं. तो गेला, हॉटेलात राहिला, संत्र्याची झाडं पाहिली, आणि तिथल्या डॉक्टरने त्याचा गुडघा हातात घेऊन दारासारखा उघडझाप करून पाहिला आणि मान हलवली. तो परत आला. स्थानकावर माणसं जमली होती, लाल गळपट्टे घेऊन. हा पैशाला लाथ मारून आला, हा आपला आहे, असं जो तो म्हणत होता. गुडघ्याने नापास केलं, असं त्याने तिथेच सांगितलं, नंतरही सांगितलं, मासळीबाजारात, शाळेच्या समारंभात, आणि दर वेळी लोक हसले, किती साधा माणूस, म्हणाले. त्याच वर्षीपासून पायऱ्यांवरचे लोक त्याच्याबरोबर हात वर करू लागले. राष्ट्रीय संघाचं बोलावणं एकदाच आलं. त्या दिवशी तो सगळा वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर निळं जॅकेट घालून बसला होता. तरी गावाने तो दिवस असा लक्षात ठेवला, जणू काही त्याने विश्वचषक जिंकून आणला होता. तेव्हा त्यांनी न केलेल्यासाठी प्रेम केलं. आता केलेल्यासाठी पाव फिकट देतात. हिशोब म्हटला तर बरोबरच आहे, त्याला वाटलं, आणि त्याला अचानक हलकं वाटलं, जसं सामन्यानंतर पायांवरची पट्टी सोडताना वाटतं.

"साहेब," तो म्हणाला, "माझी मांडी दुखत नाही."

"अरे बाबा, ते मलाही ठाऊक आहे."

"टाच दुखते. पण त्यासाठी डॉक्टर लागत नाही."

वोक्लँसाहेबांनी ओडीलकडे पाहिलं, बायकांना शहाणपण असतं अशा आशेने. ओडील भांडं पुसत होती. तिने साहेबांच्या पुढ्यातली गार कॉफी उचलली आणि मोरीत ओतली. साहेब उठले. दाराशी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की तुला समजतंय ना, सूत्रसंचालक तुझं नाव घेईल तेव्हा काय होईल. रेजिसला समजत होतं. लाँग्रेव्हचा रिवाज होता, फ्रान्समधल्या कितीतरी मैदानांवरचा असतो तसाच. ध्वनिक्षेपकावरचा माणूस खेळाडूचं पहिलं नाव घ्यायचा आणि थांबायचा, आणि आडनाव पायऱ्यांवरचे लोक द्यायचे, एका घशाने. वात-ब्लेद. हातोड्याचे दोन घाव. त्याच्या आजोबांनी हे आडनाव बोटीवर रंगवलं होतं, शाळेतल्या मास्तरांनी ते चेष्टेने लांबवलं होतं, पण ते खरं काय आहे हे त्याला त्या पायऱ्यांनी शिकवलं. साहेब गेल्यावर ओडील म्हणाली, "शिट्ट्या वाजवतील."

"वाजवू देत. तोंडं त्यांची आहेत."

"आणि नाव?"

"नाव माझं आहे," तो म्हणाला, आणि मग आपण हे कशाच्या जोरावर म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं.

ओडीलने लोणी काढलं. लग्नाच्या वर्षी ती त्याला म्हणाली होती की तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या पायऱ्यांशी. आज तिने ते पुन्हा विचारलं नाही. फिकट पाव लोणी लावून तिने त्याच्या पुढे सरकवला. "खा," ती म्हणाली. "कच्चा असला तरी पावच आहे. आणि हे बघ, मी आज वरच्या खुर्च्यांत बसणार नाही. खाली पायऱ्यांवर उभी राहीन. शेजारी कोण शिट्टी वाजवतो ते मला पाहायचंय. सोमवारी त्याच्या चादरी माझ्याकडे आल्या तर बघते."

संध्याकाळी ऊन होतं. समुद्रावरून येणारं, तिरपं, डोळ्यांत जाणारं. मधल्या वर्तुळापाशी अकरा जण ओळीने उभे राहिले, पायऱ्यांकडे तोंड करून. एक नंबरचा गोलरक्षक, मग दोन, तीन, चार. प्रत्येक पहिल्या नावामागे पायऱ्या गर्जत होत्या आणि जमीन बुटांच्या तळव्यांतून थरथरत होती. रेजिस पाच नंबरचा. शिट्ट्यांची त्याने तयारी केली होती. दुपारभर कानांत त्या वाजवून पाहिल्या होत्या, बारीक, जाड, बोटं घालून मारलेल्या. "नंबर पाच," सूत्रसंचालक म्हणाला, "रेजिस." आणि थांबला, सवयीने. कोणीच काही बोललं नाही. शांतता अशी आली की झेंड्याच्या काठीवर दोरी आपटल्याचा आवाज ऐकू आला, आणि बंधाऱ्यापलीकडची लाट. इतक्या लोकांनी मिळून गप्प राहायचं ठरवलं असेल तर ते कुठे ठरवलं, बाजारात की कोरदिएच्या दुकानात, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. ती मोकळी राहिलेली जागा त्याच्यासमोर होती, एका नावाएवढी. सूत्रसंचालकाचा श्वास ध्वनिक्षेपकातून ऐकू येत होता. त्यालाही पुढे जाता येईना. रेजिसला वाटलं, ही जागा अशी उघडी टाकून चालणार नाही. बचावपटूला उघडी जागा दिसली की पाय आपोआप तिकडे जातात.

"वातब्लेद," तो म्हणाला. तो ओरडला नाही. दाराआडून कोण म्हणून विचारलं की माणूस सांगतो, तेवढ्याच आवाजात.

शेजारचे तिघे दचकले. पलीकडून गोलरक्षक ओठ न हलवता पुटपुटला, "हजर म्हण ना, हजेरी चाललीय वाटतं." डावीकडच्याला हसू आवरलं नाही. आणि मग शिट्ट्या आल्या, जशा यायच्या होत्या तशा, पण आता त्या उशिरा आल्या होत्या. एक श्वास उशिरा.

सामना कसा गेला हे त्याला पुढे कोणी विचारलं तर त्याला वास आठवायचे, उकरलेल्या गवताचा, तळलेल्या बटाट्यांच्या गाडीवरून येणारा, शेजारच्याच्या घामाचा. चेंडू त्याच्या पायाशी आला की शिट्टी, गेला की गप्प. त्याने पहिल्या काही मिनिटांनंतर ऐकणं सोडलं, जसं समुद्राकाठच्या घरात माणूस समुद्र ऐकणं सोडतो. गोल होत नव्हता. बरोबरी पुरेशी होती. आणि मग शेवटाकडे, त्याला वाटलंच होतं तशी, तीच वेळ आली. समोरचा लांब पायांचा गडी मधल्या रेषेपाशी चेंडू घेऊन उभा राहिला आणि त्याने मान वर केली. डावीकडे त्यांचा पुढचा माणूस पळायच्या बेतात चवड्यांवर उभा. आता मागे सरायचं, गोलकडे तोंड करून धावायचं, सारं मैदान हेच सांगत होतं. उजवीकडचा एक पाऊल मागे गेलाही, रेजिसला कमरेत कळलं. मागे गेलो तर कोणी दोष देणार नाही. हात वर केला नाही तर कोणाला हसायला मिळणार नाही. त्याला आठवलं की आपला पाय आता एक श्वास उशिरा निघतो, आणि ते मान्य करताना त्याला लाज वाटली नाही. उशिरा निघतो तर आधी निघायचं. इतकी वर्षं तो चेंडूला लाथ बसायची वाट पाहत आला होता. आता त्याने लाथेची वाट पाहिली नाही, त्या गड्याच्या खांद्याची पाहिली. खांदा खाली गेला. "वर!" तो ओरडला, आवाज फाटला, आणि तो पुढे निघाला. दोरी ताणली गेली, आणि मग एकाएकी ढिली झाली, कारण तिघेही आले होते, उजवीकडचासुद्धा, अडखळत, शिवी देत, पण आला होता. डोक्यावरून चेंडू गेला. रेजिसने हात वर केला.

त्याने रेषेवरच्या पंचाकडे पाहिलं नाही. त्याच्या पाठीमागे त्याचा गोल होता आणि गोलमागे पायऱ्या. सगळी कारकीर्द त्या पायऱ्या त्याच्याबरोबर हात वर करत आल्या होत्या, आणि त्याने ते कधीच पाहिलं नव्हतं. हात वर करताना त्याची पाठ त्यांच्याकडे असायची. फोटोत पाहिलं तेवढंच. त्याला फक्त आवाज ठाऊक होता, हजारो ओव्हरकोटांच्या बाह्या एकदम वर जाताना होतो तो, मोठा पक्षी उडाल्यासारखा. आता आधी शांतता होती. मग पंचाची शिट्टी झाली, लांब, ऑफसाइडची, खेळ थांबवणारी. आणि मग मागून तो आवाज आला. आधी विरळ, एका कोपऱ्यातून, तिथे ओडील उभी असावी किंवा नसावी, आणि मग भरगच्च, पंख उघडत जाणारा. कोणीतरी त्याचं आडनाव घेतलं, मग पुष्कळांनी घेतलं. वात-ब्लेद. डावीकडचा म्हणाला, "रेजिस, बघ, बघ मागे." वळून एकदा पाहावं असं त्याला वाटलं. मानेचा स्नायू हललाही. पण चेंडू खाली ठेवून खेळ पुन्हा सुरू करायचा होता. त्याने हात खाली घेतला, तिघांना बोटांनी जागा दाखवल्या, आणि तो वळला नाही. बरोबरीवर सामना सुटला तेव्हा लोक कुंपणापाशी धावले, त्याने ओडीलचा कोट शोधला, तिच्याकडे पाहून मान हलवली आणि आत गेला.

रविवारी सकाळी कोरदिएच्या दुकानात रांग दारापर्यंत होती. तो आत आला तशी कुजबुज झाली आणि रांग हसून बाजूला झाली, नेहमीसारखी, मधल्या आठवड्याला कोणीतरी कात्रीने कापून टाकलं असावं तशी. कालची म्हातारी आज त्याच्याकडे बघत होती, तिचा कुत्राही. "ये, ये, पुढे ये," कोणी म्हणालं, "वेळ काय साधलीस रे तू, आम्ही तर डोळेच मिटले होते." मादाम कोरदिएने फळीमागून कागदात गुंडाळलेला पाव काढला आणि डोक्यांवरून पुढे केला. खरपूस होता, लांबूनही वास येत होता. फोटोतला माणूस वरून बघत होता.

रेजिस जागचा हलला नाही. त्याच्यापुढे चार माणसं होती. "होऊ दे त्यांचं," तो म्हणाला, आणि खिशात हात घालून उभा राहिला. पाव काही वेळ हवेत राहिला, मग खाली गेला. चौघांनी काय घेतलं ते कोणी लक्ष देऊन पाहिलं नाही. दुकानात सुट्या नाण्यांचा तेवढा आवाज होता. त्याची पाळी आली तेव्हा मादाम कोरदिएने तोच पाव पुन्हा पुढे केला आणि हळूच म्हणाली, "तुमचाच आहे. पहाटेच बाजूला ठेवला होता."

"काल तुम्ही मला विचारलं होतं," तो म्हणाला. "आजही विचारा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. मागे कोणीतरी खोकलं. तिने पाव फळीवर ठेवला, हात पुढ्यातल्या कापडाला पुसले, आणि विचारलं, "काय हवंय, मस्यू वातब्लेद?"

"एक लांब पाव," तो म्हणाला. "खरपूस." आणि नाणी मोजून काचेवर ठेवली.